विहीर मचूळ का झाली: लक्षद्वीपातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

फेब्रुवारी 2019. लक्षद्वीपातलं एक वस्तीचं बेट. बेटाचं नाव देत नाही, कारण ही वस्ती एवढी छोटी आहे की घराची दिशा सांगितली तरी घर कुणाचं ते कळतं. लांबी काही किलोमीटर, रुंदी कुठेही फार तर किलोमीटरभर. पूर्वेला उघडा अरबी समुद्र, पश्चिमेला हिरवट निळं खाजण आणि त्यापलीकडे प्रवाळाची कड, जिच्यावर लाटा फुटतात. जमिनीची उंची भरतीच्या पाण्यापेक्षा एक-दोन मीटर जास्त, एवढीच.

घर उम्मांचं. वय ऐंशीच्या पुढे. इथल्या जुन्या रिवाजाप्रमाणे घर आईकडून मुलीकडे जातं, म्हणून घरात त्यांची मुलगी, जावई (निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे मास्तर म्हणतात), नात, नातजावई आणि दोन लहान मुलं. सात माणसं. वाडी साधारण वीस गुंठ्यांची, सगळी नारळाची. दोन वर्षांपूर्वी मास्तरांनी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. खोल्यांना नळ हवे, म्हणून जुन्या विहिरीवर एक अश्वशक्तीचा पंप बसला आणि गच्चीवर दोन टाक्या आल्या.

मी भूजलाचं काम करतो, मूळचा रत्नागिरीकडचा, आता पुण्यात. एका सहकाऱ्याबरोबर बेटावरच्या विहिरींची पाहणी करायला गेलो होतो आणि याच घरी उतरलो होतो. पहिल्या दिवशी अंघोळीला गेलो तर साबणाला फेस येईना. केस धुतले ते चिकटच राहिले. कोकणात किनाऱ्यालगत राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही: विहीर मचूळ झाली होती.

अडचण

मास्तरांचं म्हणणं ठाम होतं. डिसेंबर 2017 मध्ये ओखी चक्रीवादळ या बेटांवरून गेलं, तेव्हा समुद्राचं पाणी वाडीत शिरलं होतं. तेव्हापासून पाणी बिघडलं. शिवाय डिसेंबर संपला की पाऊस जवळजवळ थांबतो, एप्रिलपर्यंत आभाळ कोरडं, त्यामुळे दर उन्हाळ्यात चव थोडी बदलतेच. यंदा मात्र जानेवारीतच पाणी तोंडात धरवेना. शेजारच्या तीन घरांचीही कुरकुर सुरू झाली होती, आणि ती हळूहळू या घराच्या पंपाकडे बोट दाखवू लागली होती.

आम्ही पोचायच्या महिनाभर आधी मास्तरांनी एक उपाय करून पाहिला होता. मुख्य भूमीवरून आलेल्या एका कंत्राटदाराने विहीर सव्वा मीटर खोल करून दिली. तो आठवडाभर पाणी भरपूर आलं. नंतर ते आधीपेक्षा खारट झालं. आता कंत्राटदार म्हणत होता, अजून दोन मीटर जाऊ, खाली चांगला झरा लागेल.

मला हे लिहिताना अवघड वाटतं, पण लिहायला हवं: त्या पहिल्या संध्याकाळी मीही लगेच "नको" म्हणालो नाही. माझा हात दख्खनच्या काळ्या दगडावर बसलेला आहे. आमच्याकडे पाणी आटलं की माणूस खाली जातो: मुरूम, मग फुटका कातळ, मग दोन लाव्हा थरांमधली फट, आणि त्या फटीत झरा. वर्षानुवर्षं हेच पाहिल्यामुळे "खोल म्हणजे पाणी" हे डोक्यात घट्ट बसलेलं असतं. इथे खोल म्हणजे समुद्र. मला हे माहीत होतं. पण ते बोलायला रात्र गेली.

हे बेट कशावर उभं आहे

इथे थोडं थांबून बेटाची घडण सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच टिकले किंवा फसले.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड हिंदी महासागरात, आज जिथे रियुनियन बेट आहे त्या भागातल्या एका तप्तबिंदूवरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक सतत वर येतो अशा जागेवरून, सरकत होता. खालून आलेल्या लाव्ह्याचे थरांवर थर साचले आणि आपला सह्याद्री, आपलं पठार घडलं. भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला, तप्तबिंदू मागे राहिला, आणि त्याच्या वाटेवर समुद्रतळावर ज्वालामुखींची एक ओळ उमटत गेली. 1987 मध्ये महासागरात खोल वेधनं घेऊन या ओळीतल्या खडकांची वयं काढली गेली, तेव्हा हा क्रम स्पष्ट दिसला: मालदीवच्या कटकावर (समुद्राखालच्या डोंगररांगेवर) साधारण 5 कोटी 70 लाख वर्षं, त्याच्या दक्षिणेच्या चागोस बेटांजवळ 4 कोटी 90 लाख, मॉरिशस 80 लाखांच्या आसपास आणि रियुनियन अवघं वीसेक लाख. लक्षद्वीप दख्खन आणि मालदीव यांच्या मधलं. त्याच्या उत्तर भागाच्या मुळाशी खंडीय कवचाचे तुकडेही आहेत का, यावर भूवैज्ञानिकांत वाद आहे. पण पुण्यातल्या माझ्या घराखालचा कातळ आणि या वाळूच्या पट्टीखालचा पाया हे एकाच घराण्यातले, असं मी मास्तरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ विहिरीत पाहत राहिले.

ज्वालामुखी थंडावला की त्याच्याखालचं कवच निवतं, जड होतं आणि खचू लागतं. डोंगर पाण्यात बुडत जातो. उष्ण समुद्रात त्याच्या काठाभोवती प्रवाळ वाढलेलं असतं. प्रवाळाला ऊन लागतं, म्हणून डोंगर जितका बुडेल तितकं ते वर चढत राहतं. शेवटी डोंगर दिसेनासा होतो आणि उरते ती प्रवाळाची कडी, मध्ये खाजण: म्हणजेच कंकणद्वीप. हा विचार चार्ल्स डार्विनने 1842 मध्ये मांडला. खात्री पटायला शंभराहून जास्त वर्षं गेली: 1952 मध्ये पॅसिफिकातल्या एनेवेटाक कंकणद्वीपावर वेध घेतला तेव्हा सुमारे 1,400 मीटर चुनखडीखाली ज्वालामुखी खडक लागला.

यातला दुसरा टप्पा आमच्या विहिरीसाठी जास्त महत्त्वाचा होता. वीसेक हजार वर्षांपूर्वी, हिमयुग भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता. ही कंकणद्वीपं तेव्हा पाण्याबाहेर उभी चुनखडीची पठारं होती. पावसाने ती चुनखडी विरघळली, तिच्यात पोकळ्या आणि भोकं पडली. मग बर्फ वितळलं, समुद्र वर आला, जुन्या चुनखडीवर नवं प्रवाळ चढलं, आणि लाटांनी मोडलेल्या प्रवाळाची, शिंपल्यांची, प्रवाळ कुरतडून वाळू विष्ठेवाटे टाकणाऱ्या पोपटमाशांची वाळू त्या कडीवर साचली. माणूस राहतो ती जमीन म्हणजे ही वाळू. ती काही हजार वर्षांचीच आहे. जुनी चुनखडी मात्र समुद्राला सताड उघडी आहे. तिच्या भोकांतून खारं पाणी बेटाच्या पोटात सहज ये-जा करतं.

वाडीत खणलं की हे हाताला लागतं. वर हातभर सैल वाळू, मग एक कठीण पापुद्रा, वाळूचे कण चुन्याने सांधले जाऊन झालेला, फूट-दीड फूट जाडीचा. तो पहारीने फोडला की खाली ओली, पांढरी, बारीक वाळू, आणि ती उपसली की खळग्यात पाणी साचतं. गोडं. या बेटांवरची माणसं शेकडो वर्षं अशीच विहीर काढत आली.

पाऊस कुठून येतो, किती टिकतो

लक्षद्वीप साधारण 8 ते 12 अंश उत्तर अक्षांशांत येतं. चहूबाजूंनी उबदार समुद्र, म्हणून तापमान वर्षभर फारसं हलत नाही. थंडी नावाची गोष्ट नाही. हवामान ठरवतात ते वारे. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा धरला की पाऊस, नोव्हेंबर-डिसेंबरात वारा ईशान्येचा झाला की थोडा आणखी, मग कोरडे महिने. वर्षाला 1,600 मिलिमीटरच्या आसपास.

आपल्याला हा आकडा मोठा वाटत नाही. आंबोलीला याच्या चौपटीहून जास्त पडतो. त्याच वाऱ्याला इथे अडवायला डोंगरच नाही. मोसमी वारा या बेटांना भिंत म्हणून पाहत नाही, वरून निघून जातो, आणि सह्याद्रीला धडकला की तिथे सगळं ओततो. या ओळीचं दुसरं टोक, रियुनियन, पाहा: तिथला डोंगर तीन हजार मीटरांहून उंच आहे, आणि जानेवारी 1966 मध्ये फॉक-फॉक या ठिकाणी एका दिवसात 1,825 मिलिमीटर पाऊस पडला. लक्षद्वीपाच्या अख्ख्या वर्षाहून जास्त, चोवीस तासांत. जन्म एकाच तप्तबिंदूवरचा, समुद्र दोन्हीकडे उष्ण. फरक वयाचा. तरुण बेट उंच असतं, ढग अडवतं, त्याला नद्या असतात. म्हातारं बेट बुडून सपाट झालेलं असतं. त्याच्या वाट्याला ढगातून आपोआप गळेल तेवढाच पाऊस, आणि तो साठवायला ना नदी ना तळ्याचा कातळ, फक्त वाळू.

वाळूत मुरलेलं हे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. खारं पाणी जरासं जड, म्हणून गोडं वर राहतं आणि बहिर्गोल भिंगासारखा आकार घेतं: मध्ये जाड, काठाला पातळ. जलशास्त्रातलं साधं गणित असं की समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी जितकं उंच, त्याच्या सुमारे चाळीसपट ते खाली. वर 12 सेंटिमीटर, तर खाली जेमतेम पाच मीटर. आणि हे उलटं वाचलं की पंपाची गोष्ट कळते. विहिरीतली पातळी 10 सेंटिमीटर खाली खेचली, तर खालचं खारं पाणी त्या जागी चार मीटरपर्यंत वर चढू पाहतं.

पहिला निर्णय: वादळ की पंप

कारण ठरल्याशिवाय उपाय नाही. मास्तरांचं वादळाचं म्हणणं चुकीचं म्हणून मोडीत काढण्यासारखं नव्हतं. समुद्र वाडीत शिरला की मीठ वरून मुरतं आणि विहिरी महिनोन् महिने बिघडतात. पण वरून आलेलं मीठ पावसाने धुऊन जातं. ओखीनंतर एक आख्खा पावसाळा गेला होता.

आम्ही तीन गोष्टी पाहिल्या. विहिरीतलं पाणी वर आणि तळाशी वेगळं मोजलं: वर दर लिटरला 1,450 मिलिग्रॅम क्षार, तळाशी 3,900. पिण्याच्या पाण्याला आपल्याकडे 500 ही इष्ट मर्यादा, दुसरा स्रोत नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात. मग पंप चाळीस मिनिटं चालू ठेवला, वरच्या पाण्याचा आकडा 2,600 झाला. रात्रभर बंद ठेवला तर सकाळी परत खाली. आणि दीडशे मीटरवरची, ओखीत तितकीच बुडालेली, पण पंप नसलेली एक विहीर 480 दाखवत होती. मीठ खालून येत होतं.

त्या रात्री आम्ही आणखी एक गोष्ट केली, तिची गरज नव्हती, पण मला ती करायचीच होती. खडू फासलेली लांब पट्टी विहिरीत सोडून दर अर्ध्या तासाने ओली रेघ पाहत बसलो. खाजणात भरती चढली, आणि दोनेक तासांनी विहिरीतलं पाणीही वर येऊ लागलं. हाताच्या पंजाएवढं चढलं, मग ओसरलं. मास्तर कंदील धरून उभे होते. उम्मा पायरीवर बसून म्हणाल्या, "विहीर श्वास घेते, हे आमची आई सांगायची." मास्तरांचा विरोध मला वाटतं त्या पट्टीने मावळला, आमच्या आकड्यांनी नव्हे.

कोणते पर्याय होते

अजून खोल जाणं: बाद. हे मास्तरांनीच कंत्राटदाराला कळवलं.

आरओ यंत्र: नातजावयाचा आग्रह याचा होता, आणि त्याची बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे अशीच होती. पाहुण्यांना आज पाणी हवं, पाऊस जूनमध्ये. पण यंत्राने गोडं पाणी वेगळं केलं की उरलेलं जास्त खारं पाणी जातं कुठे? याच वाडीतल्या वाळूत. शिवाय वीज बेटावर मुख्यतः डिझेलवर, आणि डिझेल जहाजाने येणार. मोठ्या प्रमाणावर दुसरी पद्धत या बेटांवर चालते: चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने 2005 मध्ये कवरत्तीला आणि 2011 मध्ये मिनिकॉय व अगत्तीला प्रकल्प उभारले. पृष्ठभागावरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ करायचं आणि खोलवरच्या थंड पाण्याने ती वाफ थिजवायची. कवरत्तीची क्षमता दिवसाला एक लाख लिटर. हे इथे जमतं कारण बेट म्हणजे बुडालेल्या डोंगराचा माथा: किनाऱ्यापासून काहीशे मीटरवरच समुद्र साडेतीनशे-चारशे मीटर खोल जातो आणि थंड पाणी हाताशी येतं. आपल्या कोकण किनाऱ्यावर एवढ्या खोलीसाठी कितीतरी लांब जावं लागेल. पण हे एका घराचं काम नव्हे.

आडवी गाळण-नळी: विहिरीऐवजी पाण्याच्या पातळीला लागून भोकं पाडलेल्या नळ्या आडव्या पुरायच्या, म्हणजे पाणी एका जागी ओढलं न जाता साय काढल्यासारखं वरच्यावर येतं. तांत्रिकदृष्ट्या मला सर्वांत पटलेला उपाय हाच. त्यासाठी कठीण पापुद्रा आठ-दहा मीटर लांबीत फोडायचा, नारळाची मुळं तोडायची. उम्मा चार माडांना हात लावू देईनात. आम्ही तो बाजूला ठेवला.

पावसाचं पाणी साठवणं आणि उपसा कमी करणं: सर्वांत साधं, आणि पाहुण्यांच्या खोल्यांवर सर्वांत जास्त घाव घालणारं.

हिशेब ओट्यावर बसून मांडला. वीस गुंठे म्हणजे सुमारे 2,000 चौरस मीटर. 1,600 मिलिमीटर पाऊस, त्यातला 30 टक्के मुरतो असं धरलं, बाकी माड शोषतात आणि वाऱ्यावर उडतं. वर्षाला साडेनऊ लाख लिटर, दिवसाला अडीच हजारांच्या आसपास. पण भिंग टिकवायचं तर त्यातलं बरंचसं समुद्राकडे वाहू द्यावंच लागतं. ते वाहणंच खाऱ्या पाण्याला मागे रेटतं. तिसरा हिस्सा घेतला तर दिवसाला साडेआठशे लिटर. पंप खेचत होता सुमारे चार हजार.

मास्तर गणिताचे शिक्षक होते. त्यांनी भागाकार स्वतः पुन्हा केला आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

काय केलं

दुसऱ्या दिवशी पंप बंद. तीन आठवडे घराने पोहऱ्याने पाणी काढलं, पिण्याचं पाणी सार्वजनिक नळावरून कळशीने आणलं. विहिरीचा वाढवलेला तळ धुतलेल्या प्रवाळाच्या खडीने पुन्हा भरून घेतला. नंतर अर्ध्या अश्वशक्तीचा छोटा पंप लावला, त्याचा फुटव्हाल्व्ह (पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची झडप) पाण्याच्या पृष्ठापासून वीतभरच खाली, दिवसातून तीनदा चार-चार मिनिटं.

कठीण निर्णय खोल्यांचा होता. चारपैकी दोन खोल्या फेब्रुवारी ते एप्रिल बंद. हेच कोरडे महिने पाहुण्यांचे असतात. नातजावयाने कर्ज काढलेलं होतं, आणि दोन दिवस तो आमच्याशी बोलला नाही. त्याचा राग खरा होता. शेवटी तोडगा त्याच्याच सासूने काढला: बंद खोल्यांच्या काळात त्या आणि नात मिळून टुनाचं सुकं, म्हणजे मास, तयार करून पाठवतील, आणि हप्ता त्यातून जाईल.

मग टाक्या. घराचं पत्र्याचं छप्पर 160 चौरस मीटर. त्यावर वर्षाला अडीच लाख लिटर पाणी पडतं. कोरडे पाच महिने, घरचे आणि पाहुणे मिळून पंधरा माणसं, पिण्या-स्वयंपाकाला माणशी पाच लिटर: सव्वाअकरा हजार लिटर. पाच-पाच हजारांच्या तीन टाक्या पुरणार होत्या. खरी अडचण तारखेची होती. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्र खवळलेला असतो आणि मालवाहू गलबतं बंद असतात. टाक्या त्याआधी उतरल्या नाहीत तर अख्खा पावसाळा वाया. सिमेंटची टाकी जागेवर बांधता आली असती, स्वस्तही पडली असती, पण तिला वाळू लागते, आणि बेटाची वाळू उपसायला बंदी आहे, ती योग्यही आहे. बंगारम कंकणद्वीपातलं पराली-1 हे निर्मनुष्य बेट झीज होऊन पूर्ण नाहीसं झालं आहे. ज्या जमिनीचं वय काही हजार वर्षं आणि उंची एक-दोन मीटर, तिथली वाळू म्हणजे राहतं घर. म्हणून प्लॅस्टिकच्या टाक्या मागवल्या. दोन मेच्या पहिल्या आठवड्यात आल्या, तिसरी राहिली ती सप्टेंबरात आली.

पन्हळी घरच्यांनीच बसवल्या. पहिल्या सरीचं घाण पाणी बाजूला काढायला एक उभी नळी, टाक्यांच्या तोंडाला डासांसाठी जाळी. टाकी भरून वाहू लागली की पाणी विहिरीपासून पाच मीटरवरच्या वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे पुन्हा भिंगात.

शेजारच्या तिन्ही घरांशी मास्तर स्वतः बोलले. भिंगाला कुंपण नसतं, हे त्यांनी तिथल्या भाषेत कसं सांगितलं ते मला कळलं नाही, पण परत आले तेव्हा एका घराने आपला पंप आठवड्यातून दोनदाच चालवायचं कबूल केलं होतं.

निष्पत्ती

त्या वर्षी केरळात मोसमी पाऊस 8 जूनला पोचला, उशिरा. बेटावर टाक्या जूनअखेर भरल्या. विहीर मात्र लगेच सुधारली नाही. वाळूतून पाणी उतरायला, भिंग जाड व्हायला वेळ लागतो. सप्टेंबरात वरच्या पाण्याचा आकडा 620 आला.

खरी परीक्षा पुढच्या कोरड्या महिन्यांची होती. फेब्रुवारी 2020: वर 780, तळाशी 1,150. मागच्या फेब्रुवारीच्या 1,450 आणि 3,900 शेजारी हे आकडे ठेवून मास्तरांनी मला फोन केला तेव्हा ते अर्धवट हिंदीतून मुलीकडे वळले आणि तिकडेच बोलत राहिले.

पण हे सगळं श्रेय उपायांना देता येणार नाही. 2019 चा पावसाळा देशभर सरासरीहून चांगला होता, हिंदी महासागराच्या पश्चिम भागात पाणी नेहमीपेक्षा उबदार होतं, आणि ऑक्टोबरच्या शेवटी महा चक्रीवादळ थेट लक्षद्वीपावरून गेलं, भरपूर पाऊस टाकून. भिंगाला जोराची भर मिळाली होती. मार्च 2020 पासून टाळेबंदीमुळे पाहुणेच थांबले, त्यामुळे त्यानंतरच्या आकड्यांवरून पंपाच्या शिस्तीबद्दल काही सिद्ध होत नाही. आमच्या हातात तुलनेला खरा असा एकच फेब्रुवारी आहे.

आणि एक विहीर सुधारली नाही. खाजणाच्या काठाला असलेल्या शेजाऱ्यांची. तिथे भिंगाची कडच येते, गोड्या पाण्याची जाडी मुळात कमी. त्यांचा आकडा पावसाळ्यातही 2,000 च्या खाली आला नाही. त्यांना या घराच्या एका टाकीतून पाणी जातं.

पुन्हा करायचं झालं तर

आधी जंतूंची तपासणी करीन. आम्ही मिठाच्या मागे इतके लागलो की पाहुण्यांच्या शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून सात मीटरवर आहे, हे सप्टेंबरात, नमुना प्रयोगशाळेत दूषित ठरला तेव्हा नीट लक्षात आलं. वाळू खारं पाणी जशी अडवत नाही तशी घाणही अडवत नाही. नोव्हेंबरात शोषखड्डा बुजवून बंदिस्त टाकी केली. तोवर घरातली दोन मुलं तेच पाणी चूळ भरायला वापरत होती. या प्रकरणातली मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे.

आडवी नळी इतक्या लवकर सोडणार नाही. माड न तोडता ती वळवून नेता आली असती. आम्ही एकच सरळ रेषा आखली आणि उम्मांच्या नकारावर थांबलो.

तिसऱ्या टाकीची वाट पाहायची नव्हती. दोनच मागवून तिसऱ्याच्या पैशात नळ्यांचं काम मेआधी पुरं करता आलं असतं.

आणि उम्मांशी पहिल्या दिवशी बोलायला हवं होतं, चौथ्या नव्हे. त्यांच्या लहानपणी विहीर फक्त चुलीसाठी होती. अंघोळ, कपडे मशिदीजवळच्या तळ्यावर. पोहरा छोटा, नारळाच्या करवंटीहून थोडा मोठा, आणि तो पाण्यात बुडवायचा नाही, आडवा करून वरचं पाणी घ्यायचं असा दंडक होता. कुणी पोहरा तळाला आपटला तर आई ओरडायची. त्यांनी मला ते उठून, विहिरीच्या काठाला हात टेकून, करून दाखवलं: मनगट जरा वळवलेलं, दोर सैल, पाण्यावर आवाजही नाही.